आठची पंगत

वेल्ह्यात मी ज्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहात होते, त्या घरमालकांना, म्हणजे काकांना, मी जवळजवळ रोज संध्याकाळी आठ वाजता शिव्या दिल्या आहेत. मनातल्या मनात नाही, चांगल्या मोठ्यानं, भिंतीपलीकडं ऐकू जातील अशा. शाळेत शिकवणाऱ्या बाईला हे शोभत नाही, ठाऊक आहे मला. पण त्या काळी वेल्ह्यात ज्याच्या घरी टीव्ही होता, त्या प्रत्येकाच्या तोंडी आठच्या ठोक्याला काकांचा उद्धार असायचाच. मी जरा जास्त शिकलेली, म्हणून माझ्या शिव्या शुद्ध असायच्या, एवढंच.

काकांची केबल होती, गावातली एकुलती एक. फार जुनी गोष्ट नाही ही. लोकांच्या खिशात मोबाईल आले होते, पण डोंगरात रेंज नसायची आणि घरोघरच्या छपरांवर डिशच्या छत्र्या अजून बसायच्या होत्या. तोरण्याच्या पायथ्याला जो काही टीव्ही दिसायचा, तो काकांच्या खालच्या खोलीतल्या मशीनींतून निघून, खांबांवरून, झाडांवरून, कुणाच्या परसातल्या पपईला वळसा घालून घरात यायचा. वायर माकडं तोडायची. मग काका डोक्याला टॉवेल गुंडाळून, खिशात टेस्टर खोचून लंगडत निघायचे. एकदा खांबावरून पडून पाय अधू झाला होता त्यांचा. झाडाखाली उभं राहून ते माकडांची समजूत घालायचे. "आरं, तुमाला बगायचं न्हाई तर नका बगू. दुसऱ्याचं का वडता?" माकडं ऐकायची नाहीत. काकांचं कुणीच ऐकायचं नाही, आणि काकाही कुणाचं ऐकायचे नाहीत.

वय साठीच्या पुढं, अंगानं वाळलेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, पोरबाळ नाही. केबलच्या आधी ते लग्नांचं शूटिंग करायचे. तिथंही ह्यांचं डोकं उलटंच चालायचं. एका लग्नाची कॅसेट तीन तासांची, त्यात दोन तास नुसती पंगत. कोण भात कालवतंय, कोण जिलबी लपवतंय, कोण डोळे मिटून मठ्ठा पितंय. अंतरपाट धरला कधी आणि सोडला कधी, पत्ताच नाही. मुलीचा बाप भांडायला आला, तर ह्यांनी त्यालाच सुनावलं. "अंतरपाट सगळ्यांचा सारकाच असतो. जेवताना मातर परत्येक माणूस न्यारा. तुमच्या व्याह्याचं त्वांड बगितलं का? साधं वरण कसं गोड मानून जेवलाय. पोरीची काळजी करू नका." तो बाप तसाच परत गेला. पुढं तो लोकांना सांगायचा, माणूस येडा आहे, पण बोलला ते खरं निघालं.

तर आठची गोष्ट. सगळ्या तालुक्याची लाडकी मालिका बरोबर आठला लागायची. मी वह्या आवरून, कुकर उतरवून, उशीला टेकून बसलेली असायची. मालिकेचं गाणं सुरू व्हायचं, दोन ओळी वाजायच्या, आणि खट्. पडदा काळा. मग मुंग्या. मग काका.

पाटावर मांडी घालून बसलेले. मागं गेल्या वर्षीचं कॅलेंडर, बाजूला पाण्याचा तांब्या, समोर ताट. आधी ताट उचलून कॅमेऱ्याकडं कलतं करायचे, कालवण सांडणार नाही इतपत. "आज नाचणीची भाकरी. घेवडा. मीठ जरा कमी पडलंय, चालवून घ्या. कांदा. बसली का सगळी? कोण उभ्यानं खात आसंल तर त्यानं बसायचं. हां. मोडा भाकरी. घ्या पयला घास."

आणि जेवायचे. दुसरं काही नाही. अर्धा तास एक म्हातारा भाकरी चावतोय आणि सगळं वेल्हं ते बघतंय. मधेच मान वर करून म्हणायचे, "थांबू नका. जेवा. मी बगतोय." हे म्हणताना असे रोखून बघायचे, की आमचे हेडमास्तर हातात ताटली घेऊन उभ्यानं पोहे खात होते ते एकदा खरोखर खाली बसले. त्यांनीच मला सांगितलं, वर कुणाला बोलू नका म्हणाले. शेवटी ताट बोटानं पुसून घेऊन काका ते पुन्हा दाखवायचे, लख्ख. "निपटलं का? उठा आता. हात धुवा." खट्. तोवर मालिकेची शेवटची नावं वर सरकत असायची.

आणि हे फक्त त्याच एका चॅनेलवर. बातम्या चालू, क्रिकेट चालू, देवाधर्माचं चालू. नेमका आमच्याच मालिकेच्या नरड्यावर पाय. "काका, तुमच्याकडं एक चॅनेल रिकामं पडलंय, तिथं जेवा ना," असं मी त्यांना कितीदा सांगितलं असेल. उत्तर ठरलेलं. "त्या मालिकेत मान्सं ताटावरनं उठत्यात. म्हणून तीच बंद."

ह्या विषयावर त्यांना कुणी हटकलं, की मग गाडी थांबायची नाही. मी एकदा नसरापूरच्या एसटीत त्यांच्या शेजारी सापडले होते, मला सगळं ऐकावं लागलं. "तुमी शिकलेल्या हाय बाई, तुमीच सांगा. त्या घरात जेवायचं टेबल केवढं हाय? दहा मान्सं बसत्यात. सून वाढती. सासू घास उचलती, तोंडापातूर नेती, आन फोन वाजतो. न्हाईतर दारात पोलीस. न्हाईतर खिरीत इख. सगळी उठली. तीन वर्सं झाली, त्या घरात कुणाच्या पोटात अन्न गेलं न्हाई. मग ती भांडतील न्हाई तर काय करतील? भुकेली हायती ती."

मी म्हटलं, ती मालिका आहे काका.

"आन दुपारची ती बाई? लिपस्टिक लावून भाजी करती. चमच्याच्या टोकानं चाटती आन अप्रतिम म्हणती. चावली का? न्हाई. गिळली का? न्हाई. मग अप्रतिम कशावरनं? सकाळी न्याहारीला बसावं तर एक जण राशीभविष्य सांगतो, आज वृषभवाल्यांनी पोटाला जपा. आन रात्री पानावर बसलं, की पोट साफ व्हायच्या औषधाची जाहिरात. नेमकी जेवायच्या टायमाला, बाई. अख्खा दिवस मोकळा पडलेला असतो त्यांना." समोरच्या सीटवरचा एक माणूस हसायला लागला. काका त्याच्यावरही उखडले. म्हणाले, हसतोस काय, ताटाम्होरं मान्साचं त्वांड पायजे, आन त्यानं जेवाय पायजे. न्हाईतर बगणाऱ्याची भूक मरती.

त्यातलं निम्मं मला पटत होतं, म्हणून तर मला जास्त राग यायचा. चुकलेल्या माणसाशी भांडता येतं. अर्धवट बरोबर असलेल्या माणसाचं काय करायचं?

लोक बघायचे, हे मात्र खरं. एकदा काका मान खाली घालून भाकरी चुरत होते आणि त्यांच्या मागून एक बोका आला. त्यानं शांतपणे दुधाच्या वाटीत तोंड घातलं. सगळ्या वेल्ह्यानं ते बघितलं. घराघरातून "बोका, बोका" असा आरडाओरडा ऐकू यायला लागला आणि टीव्हीत काकांना काहीच पत्ता नाही. शेवटी चार-पाच माणसं हातातला घास तसाच धरून धावत त्यांच्या दारात आली. काकांनी वळून बघितलं, बोक्याकडं नाही, त्या माणसांकडं. म्हणाले, "ताटावरनं उठून आला? जावा माघारी." बोक्याला त्यांनी वाटी संपवू दिली.

आणखी एक खोड. जेवून हात धुतले, की काका गच्चीवर यायचे. गच्ची माझ्या खोलीला लागूनच. तिथं छत्रीपाशी उभं राहून अंधारात डोंगराकडं बघत बसायचे, कधी पाच मिनिटं, कधी जास्त. मग गच्चीतला दिवा चालू-बंद, चालू-बंद करायचे आणि खाली जायचे. विचारलं तर म्हणायचे, छत्री बगतोय, बल्ब लूज हाय. छत्रीचं तोंड एकीकडं आणि ह्यांचं दुसरीकडं. मी नवीन बल्ब आणून बसवला, तरी ह्यांचं चालूच. म्हटलं, जाऊ दे, घर त्यांचं, दिवा त्यांचा.

वाईट माणूस नव्हता, हेही सांगायला पाहिजे. पावसाळ्यात माझी खोली गळली तर रात्रीतून पत्रा बदलला. उद्या दिवसभर लाईट नाही, बाजार सोमवारी नाही, असल्या सूचना ते त्या रिकाम्या चॅनेलवर दाखवायचे, आणि त्या पुठ्ठ्यावर लिहायचं काम माझ्याकडं. माझं अक्षर गोल, ठसठशीत. काका पुठ्ठा हातात घेऊन बघत राहायचे. "बाई, तुमचं अक्षर जेवल्यावाणी दिसतं." त्यांच्याकडून ही मोठी तारीफ होती.

मग तो दिवस आला. मालिकेत लग्न होतं. तीन वर्षं लांबलेलं लग्न, आणि त्या दिवशी एक तासाचा मोठा भाग. मी काकांना दुपारीच सांगून ठेवलं, आज एक दिवस आमच्यावर उपकार करा, साडेसातला जेवून घ्या. ते "बगू" म्हणाले. मी शाळेतल्या चार जणींना बोलावलं होतं, बटाटेवडे तळले होते. आठ वाजले. सनई सुरू झाली, नवरी पायऱ्या उतरायला लागली आणि खट्. मुंग्या. "आज पिठलं हाय. जरा पातळ झालंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले ते तशीच, नुकतीच न्हायलेली, केस मोकळे, हातात झारा. जिना उतरले, त्यांचं दार ढकललं आणि आत जाऊन तोंडाला येईल ते बोलले. लाज नाही वाटत का? गावाला वेठीला धरलंय. तुमचं पिठलं बघायला केबल घेतली का आम्ही? काका घास हातात धरून वर बघत होते. मग त्यांनी शेजारचा दुसरा पाट पुढं सरकवला. "बाई, जेवलात का? बसा."

तेव्हा माझं लक्ष स्टुलावरच्या कॅमेऱ्याकडं गेलं. त्याचा लाल दिवा चालू होता. सगळं वेल्हं मला बघत होतं, झाऱ्यासकट.

दुसऱ्या दिवशी शाळेत शिरले तर पोरं एका सुरात, "बाई टीव्हीवर आल्या." बाजारात एक बाई मला म्हणाली, तुमचे केस लई लांब हाईत हो. मी घरी आले, दार लावलं आणि अर्ज लिहायला बसले. पुण्याहून ज्या मोठ्या कंपनीकडून काकांना चॅनेलं मिळायची, तिच्या नावानं. चार पानी अर्ज. सदर इसम स्वतःच्या भोजनाचे प्रक्षेपण करून ग्राहकांची गैरसोय करीत आहे, वगैरे वगैरे. गावातनं सह्या आणल्या. ज्याच्या छपराखाली राहायचं त्याच्याच विरुद्ध अर्ज लिहायचा, ह्याला काय म्हणतात ते मला तेव्हाही माहीत होतं. पण रागाच्या भरात माणूस आपलंच बरोबर धरून चालतो, आणि मी तर गावाची बाजू घेतली होती, असं मी स्वतःला सांगत होते.

पंधरा दिवसांनी कंपनीचा माणूस आला. मशीनींतून कॅमेऱ्याची वायर काढून घेतली, तिथं सील लावलं, काकांची सही घेतली आणि गेला. आठला मालिका लागली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी उशीला टेकून बघितली. त्या घरात त्या दिवशी पूजेचा प्रसाद होता. सुनेनं दहा पानं वाढली, सासूनं घास उचलला आणि फोन वाजला. सगळी उठली. मी टीव्हीला म्हटलं, अगं खा की मेले. मग माझीच मला चीड आली.

काका मात्र गच्चीवर आले ते जाईचनात. दिवा चालू-बंद, चालू-बंद. डोंगराकडं बघायचं, परत चालू-बंद. मी वह्या तपासत होते, खिडकीतून तो उजेड वहीवर उघडझाप करत होता. ओरडले मी, "काका, आता बास करा." ते म्हणाले, "व्हय व्हय," आणि करतच राहिले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मला वाटलं, म्हातारा सूड उगवतोय.

चौथ्या दिवशी रविवार. सकाळी बघते तर काका हातात काठी आणि डबा घेऊन डोंगराच्या वाटेला लागलेले. त्या पायानं. मी गच्चीवरून ओरडले, कुठं निघालात? ते थांबले. आणि पहिल्यांदा मला त्यांचा आवाज बारीक झालेला ऐकू आला. "आक्का तीन दिस जेवली न्हाई, बाई."

कोण आक्का? मी चपला घातल्या आणि मागं पळाले. वाटेत त्यांच्याकडून एकेक शब्द ओढून काढावा लागला. काका मूळचे वरच्या धनगरवाड्यावरचे, मेंढरांमागं वाढलेले. आई लवकर गेली, थोरल्या बहिणीनं वाढवलं, दोघं एका काठवटीत जेवायची. ती आता एकटी वर राहते. तिची पोरं पुण्याला. खाली यायला तयार नाही, शेळ्या सोडून कुठं येऊ म्हणते. "एकटीला चूल पेटवायचा कट्टाळा. काळा च्या पिऊन निजायची. वाळून काटकी झाली व्हती. मग म्या वायर नेली वर, टीव्हीची एक जुनी पेटी दिली. आठाला म्या जेवताना दिसलो, की ती बी भाकरी मोडती. जेवली की भायेरचा बल तीनदा लावती. म्या गच्चीवरनं बगतो. लावला न्हाई, तर म्या तितनं लावतो, लावतोच, ती जेवस्तवर."

"मग दुसऱ्या चॅनेलवर जेवायला काय झालं होतं?"

"तिला एकच खटका ठावा हाय. दुसरं बटण दाबलं तर पेटी जळती म्हणती. त्या पेटीला त्योच एक नंबर लागलाय."

मी वाटेतच उभी राहिले. "अहो, मग हे सांगायचं होतं ना गावाला! मला तरी सांगायचं."

"काय सांगू? गाव म्हणलं असतं, भाऊ आसून बहिणीला डोंगरावर टाकली. आन म्या वर जाऊन ऱ्हावं, तर गावाला टीव्ही कुठनं?" एवढं बोलून ते चालायला लागले. मला इतका संताप आला होता, की त्यांच्या हातातला डबा घ्यायचंही सुचलं नाही.

आक्का दारातच बसली होती, भिंतीला टेकून. लहानशी, कडक. शेळ्या मात्र पोटभर चरलेल्या दिसत होत्या. काकांना बघितलं तशी तिनं हात पुढं करून त्यांचं पोटच चाचपलं.

"जेवलास?"

"म्या रोज जेवतोय आक्का. तूच जेवली न्हाईस."

"खोटं बोलू नगस. म्या बगतीया न्हवं. आठाला पेटी लावती, तर तुज्या घरात ती नटवी बया आन तिची दहा मान्सं. हे एवडालं टेबल मांडलंय. तुजा पाट न्हाई, तांब्या न्हाई. पानं वाडत्यात आन उठत्यात. काल तिनं वाडलेलं ताट भितीवर फेकलं. म्या हितनं वरडले, आगं माज्या भावाचं ताट हाय ते. तुला भायेर काडलाय त्यांनी, मला काय कळत न्हाई व्हय? तू उपाशी, आन म्या हितं भाकरी खाऊ?"

काका "आगं, तसं न्हाई" म्हणत राहिले. मग म्हातारीची नजर माझ्यावर पडली. तिनं डोळे बारीक केले. "ही बी त्यातलीच हाय. हीच त्या दिशी केस सोडून तुज्या ताटावर वरडत आली व्हती. हिनंच घातली ती मान्सं तुज्या घरात."

म्हातारीनं डोंगरावर बसून, एक बटण दाबून, सगळं अक्षरन् अक्षर बरोबर ओळखलं होतं.

"न्हाई गं," काका म्हणाले. "चांगल्या हायती बाई. माज्या वरच्या खोलीत ऱ्हात्यात. एकट्याच जेवत्यात."

तेवढ्यानं म्हातारीचा चेहरा बदलला. "एकटीच?" असं म्हणून ती उठली, चूल पेटवायला आत गेली. काका पाण्याला गेले तेव्हा पीठ मळता मळता मला हळूच म्हणाली, "बायकू गेल्यापासनं ह्याला एकट्याला घास उतरत न्हाई, पोरी. म्या म्होरं बसले तर जेवतो. मला कुठं भूक हाय ह्या वयात? त्याच्यासाटी बसती." मी ते काकांना कधी सांगितलं नाही. त्यांचं तिला सांगितलं नाही. तिघं जेवलो. त्या दिवशी कुणी ताटावरून उठलं नाही.

उतरताना काका पुढं, मी मागं. ते म्हणाले, "कंपनीच्या मान्सानं अर्ज दाकवला व्हता. अक्षर वळखलं म्या. लई देखणा लिवलाय. काना-मात्रा कुठं चुकला न्हाई."

"मग मला खोली खाली करायला का नाही सांगितलंत?" मी जवळजवळ किंचाळले.

"एकट्या मान्साला नव्या जागी जेवाण जात न्हाई," ते म्हणाले.

मी त्याच आठवड्यात दुसरा अर्ज लिहिला, काकांचं जेवण पुन्हा सुरू करा म्हणून. सह्या घ्यायला गेले, तर पहिल्या अर्जावर सह्या केलेली सगळी माणसं निमूट सही करायला लागली. एक म्हातारा म्हणाला, बरं केलं बाई, चार घास जात व्हते त्याच्याबरोबर. हेडमास्तरांनी मान खाली घालून सही केली. मला सगळ्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, सुरुवात स्वतःपासून. अरे, मग तेव्हा का बोलला नाहीत? कंपनीनं उत्तर धाडलं, की एकदा बंद केलेली सेवा सुरू करण्याची तरतूद नाही. बंद करायची तरतूद मात्र पंधरा दिवसांत निघाली होती.

काकांनी उत्तराची वाटही बघितली नाही. ते आलं त्याच्या आधीच केबल कंपनीच्या माणसाच्या ताब्यात दिली. माकडं कुठल्या झाडावर बसतात तेवढं त्याला समजावून सांगितलं. खालच्या खोलीला कुलूप लावलं. पाट आणि तांब्या पोत्यात घालून पाठीला बांधला आणि वाड्यावर राहायला गेले. जाताना मला म्हणाले, "गच्चीतला बल काढू नका. आन टायमात जेवत जा." मी नीट निरोपही दिला नाही. माझ्या अर्जामुळं एक म्हातारा लंगडत डोंगर चढत होता आणि जाता जाता माझ्याच जेवणाची काळजी करत होता. असल्या माणसाला काय निरोप द्यायचा?

त्या संध्याकाळी मी स्वयंपाक केला नाही. टीव्ही लावला नाही. घुश्शात भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. साडेआठच्या सुमाराला खिडकीतून सहज बघितलं, तर डोंगरावर एक दिवा लागला, विझला. लागला, विझला. लागला, विझला. जेवली दोघं. म्हटलं, छान, जेवा. मला कशाला सांगता? मी कोण तुमची?

थोड्या वेळानं परत तीनदा. मी कूस बदलली. परत तीनदा. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की ते सांगत नाहीत, विचारतायत. आणि उत्तर मिळेपर्यंत ते थांबणार नाहीत, ही खोड मी तीन रात्री माझ्या वह्यांवर बघितली होती. नऊ वाजले. चालूच. त्या अधू पायानं तो माणूस तिथं दारात उभा असणार, आणि शेजारी ती म्हातारी, झोपायचं सोडून.

शेवटी उठले. दोघांना शिव्या घालत पिठाचा डबा काढला, पिठलं ढवळलं, ते पातळ झालं. जमिनीवर मांडी घालून, डोळ्यांतून पाणी गळत असताना, दोन भाकरी सगळ्याच्या सगळ्या खाल्ल्या. ताट पुसून घेतलं. मग गच्चीवर जाऊन तीनदा दिवा लावला, तेव्हा कुठं समोरचा डोंगर अंधारा झाला.